उलटं मिठागर

"सांगतो, पन तुमचा विश्वास बसनार न्हाय," असं म्हणत धर्मा घरतने पायातल्या चपला बाकाखाली सरकवल्या आणि रेवसच्या धक्क्यावर ऐसपैस मांडी घातली.

समोर मुंबईला परतणारी दोन जोडपी लाँचची वाट बघत उभी होती. लाँच यायला अजून अर्धा तास होता, आणि अर्धा तास धर्माला अंटार्क्टिकावर जाऊन यायला पुरायचा. त्याने सांगितलं की चौऱ्याऐंशी साली मिठाच्या गोणी चढवता चढवता तो एका जहाजाच्या पोटात झोपला आणि डोळे उघडले तेव्हा चहूकडे बर्फ. तिथे पेंग्विन रेशनच्या रांगेत उभे असतात आणि मध्ये घुसणाऱ्याला चोच मारतात. चहा तिथे कोणी पीत नाही, गोठलेला कोयत्याने तोडून खातात. एकदा तो एका जागी जरा जास्त वेळ उभा राहिला, तर त्याची सावलीच बर्फाला चिकटून बसली. फावड्याने खरवडून काढावी लागली.

"म्हनून डाव्या खांद्याला ती अजून तुटकी हाय," असं म्हणून तो उन्हात उठून उभा राहिला.

चौघांनीही खाली पाहिलं. धर्माला तेवढंच हवं असायचं.

एरवी तो मनापासून हसला असता. आज त्याचं लक्ष खाडीकडे होतं. रत्नपाल गुरुजींची मुलगी साक्षी आज येणार होती. ती चार महिने अंटार्क्टिकावर होती; खरोखरीची, सरकारी मोहिमेतून. गोव्याच्या संस्थेत ती समुद्राच्या बर्फावर संशोधन करायची. दुपारी तिला शाळेत बोलायचं होतं. चाळीस वर्षांत धर्माची गोष्ट तपासायला तिकडून कोणी माणूस आलं नव्हतं. आता येत होतं, आणि तेही त्याच्याच गावचं.

साक्षी लाँचमधून उतरली ती पाठीवर पिशवी आणि नाकावर उन्हाने सुटलेली साल घेऊन.

"आबा, तुमच्या पेंग्विननी नमस्कार सांगितलाय," ती म्हणाली.

"ओलखलं का त्यांनी?" धर्मा म्हणाला खरा, पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

दोघं रिक्षात बसली. साक्षीने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही. हे नातं अंगणातलं होतं. रत्नपाल गुरुजींनी एकेकाळी मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला होता. धर्मा तीन दिवस गेला आणि "अक्षरं सगल्यांची सारखीच, त्यात काय मजा?" म्हणून उठून आला. पण कागद काही माणसाला सोडत नाहीत. लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस, पोराचं दुबईहून आलेलं पत्र, सगळं घेऊन तो गुरुजींच्या अंगणात यायचा. वाचायला बसायची दुसरीतली साक्षी. एका कागदाला एक गोष्ट, असा दोघांचा करार. पोरीची अक्षरं त्या कागदांवर पक्की झाली आणि बर्फ तिच्या डोक्यात शिरला तोही तिथेच.

रिक्षात तिने त्याला मुलाखतीची हकिकत सांगितली. ती त्याला सांगायची राहूनच गेली होती. सात जणांचं मंडळ होतं. त्यांनी विचारलं, समुद्र गोठतो तेव्हा त्यातलं मीठ कुठे जातं? बाकीच्या उमेदवारांनी समीकरणं मांडली होती. हिला त्या घटकेला एकही आठवेना. ती म्हणाली, ते उलटं मिठागर असतं. आमच्याकडे मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. तिथे बर्फ राहतो आणि मिठाला हाकलून देतो.

"मधल्या मॅडमनी ते लिहून घेतलं, आबा. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे ते. तुमचा शब्द."

धर्माने हात सोडवून घेतला आणि उगाच कानटोपी सारखी केली. शब्द त्याचाच होता. फक्त तो अंटार्क्टिकावरून आणलेला नव्हता. चौऱ्याऐंशी साली उधाणाने बांध फुटला, मिठागर चिखलात गेलं, आणि धर्मा मुंबईला मासळीबाजाराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायला लागला. तिथे खाऱ्या पाण्याच्या हौदात गोड्या पाण्याचे डबे बुडवून ठेवत. डब्यातल्या पाण्याची लादी व्हायची, भोवतालचं खारं पाणी मात्र पाणीच राहायचं. हे बघत त्याने चार महिने काढले. पण मीठ पिकवणाऱ्याच्या पोराने बर्फ फोडला हे गावात कसं सांगायचं? परत आला तो थेट अंटार्क्टिकावरून आला. त्याच्या बायकोला, धोंडूबाईला, खरं ठाऊक होतं. तिने ते कोणालाही न सांगता आपल्याबरोबर नेलं.

शाळेच्या फाटकाशी रिक्षा थांबली. धर्मा उतरेना.

"कोनी इचारलं, तर काय सांगशील?" त्याने पुढच्या काचेकडे बघत विचारलं.

काय विचारलं तर, हे साक्षीने विचारलं नाही. तिने पिशवीतून आपली नोंदवही काढली.

"आमच्याकडे नोंदवही असते, आबा," ती म्हणाली. "एक आकडा खोटा निघाला, की सगळ्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही."

"बराबर हाय," धर्मा म्हणाला आणि उतरला.

तो शेवटच्या बाकावर बसला, मागच्या दाराला लागून. चपला बाहेर न काढता मांडीवर धरल्या. वेळ आली तर उठून जाणं सोपं.

साक्षीने पडद्यावर चित्रं लावली. परत येताना समुद्र गोठायला लागला होता. आधी पाण्यावर पातळ साय धरते, ती म्हणाली. मग लाटांनी साय मोडते आणि तिचे गोल तुकडे होतात, एकमेकांवर आपटून कडा वर आलेले. पडद्यावर मैलोगणती समुद्र भाकऱ्यांनी भरून गेला होता.

सगळी शाळा मागे वळून धर्माकडे बघायला लागली. समुद्रावर साय येते आणि भाकऱ्या होतात, हे तो चाळीस वर्षं सांगत आला होता. सायीचं एक वेळ ठीक होतं, मिठागरात सकाळी तशीच मिठाची साय धरते. पण भाकऱ्यांची थाप त्याने एका सकाळी निव्वळ भुकेपोटी मारली होती. तो तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत राहिला.

मग साक्षीने मुलांना तिथे जायच्या वाटा सांगितल्या. विज्ञान शिकलेल्यांना संशोधन आहे. पण डॉक्टर लागतात, स्वयंपाकी लागतात, कायदा शिकलेलेही लागतात. ती भूमी कोणा एकाची नाही, तिच्याबद्दल देशोदेशीची माणसं एकत्र बसून ठरवतात, आणि एकाने जरी मान डोलावली नाही तरी ठराव अडतो. धर्माच्या शेजारचा म्हातारा पुटपुटला, आपल्या खाडीच्या बांधासारखंच की, सगळे हो म्हणाले तरच दुरुस्ती. ड्रायव्हर लागतात का, असं गावातल्या सुजितने विचारलं तेव्हा सगळे हसले. लागतात, साक्षी म्हणाली, बर्फावरच्या गाड्या चालवायला.

सुजितचे दोन ट्रक होते आणि कल्पिता नावाची बारावीतली मुलगी होती. गोव्याच्या संस्थेत विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांचं शिबिर होतं. त्याचा अर्ज कल्पिताने भरून ठेवला होता. बापाची सही तेवढी राहिली होती, आणि आज शेवटचा दिवस होता. पोरगी त्याच्या कोपराजवळ उभी होती, नखाने बाकाचा रंग खरवडत. सुजितने अर्ज हातात घेतला, पण पेनाचं टोपण काढलं नाही.

"तू बोललीस ते सगळं चांगलं हाय," तो म्हणाला. "पन आम्ही लहानपणापासून बर्फाच्या थापा ऐकत आलोय. पोरीला एकटीला पाठवायचं म्हनजे मला माणूस खरं बोलतो का ते कळलं पायजे. तू तिकडं जाऊन आलीस. एकच सांग. आमचे धर्माआबा तिथं गेलते का न्हाय?"

कोणी हसलं नाही. धर्माने चपलांचे अंगठे चाचपले.

साक्षीने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अंगणातले सगळे कागद होते.

"गेले होते," ती म्हणाली. "तिथल्या जुन्या कोठीत एक फळी आहे, सुजितदादा. आलेल्या माणसांनी खिळ्याने आपापली नावं कोरून ठेवलीत. खाली कोपऱ्यात मराठी अक्षरांत आहे. धर्मा घरत, चौऱ्याऐंशी."

वर्गात एक लांब हुंकार उठला. पुढच्या बाकावरचे रत्नपाल गुरुजी चष्मा काढून पुसू लागले; ते पुसणं संपेना. कोणीतरी धर्माच्या पाठीवर थाप मारली. चाळीस वर्षं तो ज्या घटकेची वाट बघत होता ती येऊन त्याच्यासमोर उभी होती. साक्षी मात्र आता त्याच्याकडे बघत नव्हती. खाली, स्वतःच्या नोंदवहीकडे बघत होती, आणि तिने ती हलकेच मिटली.

सुजितने मान डोलावली. पेनाचं टोपण काढलं, अर्ज बाकावर सरळ केला.

मागच्या दाराशी चपला जमिनीवर पडल्या. धर्मा उभा राहिला होता.

"थांब, सुजित," तो म्हणाला. "बाकी सगली वही खरी हाय. तेवढी एक ओल खोटी. मना माजं नाव लिवता येतं कुठं?"