डावं पीस, उजवं पीस

शोभाताईंनी पीस गालावरून फिरवून पाहिलं, मग दिव्यासमोर धरलं.

"हे चिकटवायचं, का बांधायचं?"

"तेच ठरत नाहीये, आई," त्यांची सून स्वानंदी म्हणाली. परदेशातल्या फेल्डहोवन गावच्या त्या घरातलं जेवणाचं टेबल लाकडी बाणांनी आणि दोऱ्याच्या रिळांनी भरून गेलं होतं. "चिकटवलेली पिसं पावसात सुटतात. प्लॅस्टिकची टिकतात, पण माझ्या साध्या धनुष्याला घासतात आणि बाण भरकटतो. राहिला दोरा."

"आणि शिकार कसली करणार?"

"फोमच्या रानडुकराची. इथे बाणाने शिकार करायला बंदी आहे."

"अगंबाई! बाण शिकारीचे आणि शिकारच नाही?"

शोभाताई पुण्याहून लेकाकडे, जयेशकडे आल्या, तेव्हापासून सुनेचं एकच पालुपद होतं: आई, तुम्ही बसा. भाजी चिरायला घेतली, तुम्ही बसा. सायकलवरचं सामान उतरवायला गेल्या, तुम्ही बसा. बसून बसून जीव विटला होता. हिने एकदा तरी हाताशी घ्यावं, चुकलं तर खुशाल ओरडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"आण तो दोरा इकडे. जन्मभर गजरे बांधलेत मी."

दोऱ्याचं टोक सवयीने पायाच्या अंगठ्यात अडकवून त्यांनी बाण हातात घेतला. पीस कुठल्या पक्ष्याचं? टर्कीचं. तीनच का? बाण हवेत गिरकी घेतो का? स्वानंदी सांगत होती, त्या गुंडाळत होत्या. स्वानंदी चहा टाकून येईपर्यंत बाण तयार झाला होता. तिने तो बोटांत फिरवला. एका पिसावर तिचा अंगठा जरासा थांबला.

"मस्त झालाय, आई."

रविवारी तिरंदाजी क्लबच्या रानात स्वानंदीचे पहिले तीन बाण फोमच्या डुकराच्या बरगडीत बसले. मग तिने शोभाताईंचा बाण लावला. तो सुटला, हवेत लटपटला आणि डुकराच्या पाठीवरून झुडपात गेला.

"वारा आला मध्येच," स्वानंदी म्हणाली.

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. शोभाताई स्वतःच झुडपात शिरल्या, बाण काढला आणि डुकरातल्या बाणांशेजारी धरला. तिथली सगळी पिसं एकाच बाजूला झुकलेली होती. त्यांनी मात्र गजऱ्यासारखं केलं होतं, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे.

"एक उलटं लागलंय ना गं?"

"हो. ते उजव्या पंखाचं आहे. एका बाणाला एकाच बाजूची लागतात."

"आणि हे तुला घरीच दिसलं होतं."

स्वानंदी धनुष्याची दोरी चाचपत राहिली. "तुम्ही इतकं मनापासून बांधलं होतंत. म्हटलं, वाईट वाटेल."

"वाईट आत्ता वाटलं. जयेशचं जरा चुकलं तर घर डोक्यावर घेतेस. आणि मला नुसतं मस्त, मस्त. पाहुणी आहे का मी?"

शेजारच्या ओंडक्यावर बसून त्या दोरा सोडायला लागल्या. मग स्वानंदी पिशवीतून एक डावं पीस आणि रीळ काढून त्यांच्याजवळ येऊन बसली. शोभाताईंनी पीस लावलं, दोऱ्याचे वेढे दिले आणि बाण तिच्यापुढे केला.

स्वानंदीने पीस चिमटीत धरून हलवलं. ते हललं.

"सैल आहे, आई," ती म्हणाली. "हे नाही चालणार. सोडा आणि परत बांधा."

"सोडते की," शोभाताई खुशीत म्हणाल्या.