उताऱ्यात नसलेलं उत्तर

माझी भाची माझ्याच वर्गात शिकते. घडाघडा वाचते, पण कळत काडीचंही नाही. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे आणि जिथे सापडतील ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, ही युक्ती आधीच्या बाईंनी सगळ्या वर्गाच्या अंगी मुरवलेली. ती काढायला शाळा सुटल्यावर मी रोज डोकेफोड करते.

त्यातच सोमवारी भाचीची आई, माझी धाकटी बहीण, दवाखान्यात वारली. भावोजी म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत पोरीला सांगायचं नाही. एकदा नापास झालीय, आणखी वर्ष जायला नको."

"अक्कल गहाण टाकलीत का?" मी म्हटलं. ते हमसून हमसून रडायला लागले, तशी माझ्याही तोंडाला कुलूप लागलं. पोरीला माझ्या घरी आणलं. आईला भेटायला डॉक्टरांनी मनाई केलीय, अशी थाप मारली.

गुरुवारी वर्गात उतारा दिला. एक म्हातारा सकाळी दोन कप मांडतो, बघत राहतो आणि एक परत फळीवर ठेवतो. त्याच्या घरी काय झालं असेल?

"दूध संपलं असेल," मागच्या बाकावरचा लंबू म्हणाला. वर्ग खिदळला.

"तो काय करतो ते बघा रे. काय करायचं सोडतो, तेही बघा."

भाची बराच वेळ ओळींवरून बोट फिरवत होती. "त्याची बायको मेली असेल," ती म्हणाली. "सवयीने दोन काढले. मग आठवलं."

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. सगळ्या वर्गासमोर तिची पाठ थोपटली.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, रविवारपर्यंत तू आईचा डबा नेत होतीस. आता नेत नाहीस."

"अगं, तिथलंच जेवण देतात."

"बाबा आधी तुझ्याकडे आले की लगेच उठायचे, आई एकटी आहे म्हणायचे. काल किती वेळ बसले. आणि इथे आल्यापासून तू मला एकदाही ओरडली नाहीस."

मी नळ बंद केला.

"माझं नेहमी चुकतंच ना?" ती म्हणाली. "सांग ना मावशी, चुकलं म्हणून."

तिचं चुकलं नव्हतं. मी ओल्या हातांनीच तिला जवळ ओढलं.