लाल बटणापर्यंत

मुदतीआधीच्या मतदानाचा तो शेवटचा शुक्रवार. एल्रॉय माखालाने ट्रक मतदान केंद्र असलेल्या कोर्टाच्या मागच्या दाराशी लावला, दोनदा हॉर्न वाजवला आणि वाट पाहत बसला. शेजारी त्याची बायको व्लास्ता पाठीला उशी लावून बसली होती. डॉक्टरांनी आता करण्यासारखं काही उरलं नाही असं सांगून तिला घरी पाठवलं होतं. मतदानाचा मुख्य दिवस मंगळवार. तिथवर आपण पोचणार नाही, असं तिनेच सकाळी कॉफी पिता पिता सांगितलं होतं.

एल्रॉयचा चुलतभाऊ मार्विन काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कमिशनरपदाच्या निवडणुकीला चौथ्यांदा उभा होता. मागच्या वेळी तो अकरा मतांनी पडला. त्या अकरात आपली बायको असावी, असा एल्रॉयला दाट संशय होता. दर निवडणुकीला घरी परतताना तो विचारायचा, "मार्विनला दिलंस ना?" आणि ती म्हणायची, "मत दिलं." एकेचाळीस वर्षांत याहून जास्त काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

केंद्रावर काम करणारी नेल्डा मतदानाचं यंत्र घेऊन बाहेर आली. ज्यांना उतरता येत नाही, त्यांना गाडीत बसूनच मत देता यायचं. पाटीएवढं यंत्र, खाली फिरवायचं चाक, कोपऱ्यात शेवटी मत नोंदवायचं लाल बटण. तिने ते व्लास्ताच्या मांडीवर ठेवलं आणि चार आकडे टाकून ते सुरू करून दिलं.

"काका, तुम्ही खाली उतरा. आत मतदार एकटा हवा."

"एकेचाळीस वर्षं माझ्याच बिछान्यात झोपते ही."

"म्हणून तर उतर," व्लास्ता म्हणाली.

तो उतरून ट्रकच्या मागच्या टायरपाशी उभा राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तिची हाक आली. यंत्राचं चाक फिरत नव्हतं, बोटांत जोरच उरला नव्हता. पडद्यावर अजून पहिलंच नाव उजळलेलं होतं.

"मावशी, मदतनीस घेता येतो," नेल्डा म्हणाली. "आमच्यापैकी दोघीजणी येतो."

"तू आलीस तर रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या आधी तूच सांगशील. ह्यालाच बसव."

एल्रॉयने हात वर करून शपथ घेतली. मतदाराला शब्दाने, खुणेने काही सुचवणार नाही. नेल्डा दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली.

"आता तिकडे बघ," व्लास्ता म्हणाली. "पाण्याच्या टाकीकडे. मी थांब म्हटलं की थांबायचं. निवडायचं बटण मी दाबेन."

त्याने मान वळवली आणि चाक फिरवलं. टक. टक. "थांब." पुन्हा टक.

अडचण अशी होती की त्याने स्वतः सोमवारीच मत दिलं होतं, आणि नावांचा क्रम त्याला पाठ होता. कमिशनरचा रकाना आला की वर मार्विन, खाली दुसरा. नुसते टक मोजत राहिलं तरी कळणार होतं. सातपर्यंत त्याने मोजलेही. आठव्याला त्याने मोठ्याने एक पोल्का, नाचाचं गाणं, गुणगुणायला सुरुवात केली. त्यांच्या लग्नात बँडने तीनदा वाजवलेलं.

"काय झालं रे तुला?"

"टाकीकडे बघून कंटाळलो."

ती हसली, मग खोकली. खोकला थांबेपर्यंत त्याने चाकावरचा हात हलवला नाही. पुढे टक किती झाले ते त्याला कळलं नाही. तिचं "थांब" तेवढं ऐकू येत राहिलं, दर वेळी जरा हळू.

"संपलं. आता लाल. ते माझ्याच्याने दाबवत नाही."

त्याने न बघताच बोट पुढे केलं. तिने ते धरून बटणावर ठेवलं आणि दोघांनी मिळून दाबलं.

"आता बघ."

पडद्यावर मत नोंदलं गेल्याचा झेंडा फडकत होता. दुसरं काही नव्हतं.

परतताना त्याने काही विचारलं नाही.

व्लास्ता रविवारी पहाटे गेली. मंगळवारी मार्विन चार मतांनी पडला. गुरुवारी, तिला पुरून आल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये तो एल्रॉयजवळ येऊन बसला.

"दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. पण नेल्डा म्हणाली, चाक तू फिरवलंस."

"फिरवलं."

"मग वहिनीने कुणाला दिलं?"

"मत दिलं," एल्रॉय म्हणाला. मग त्याने खसखशीच्या कोलाचेंची, सारण भरलेल्या गोड पावांची, बशी त्याच्याकडे सरकवली. मार्विनला जर्दाळूचे आवडतात, हे त्याला माहीत होतं, पण ते संपले होते.