केसभर वर, केसभर खाली

अप्पांनी सकाळी रंधा मशीनच्या दोन्ही पात्यांना दगडावर अशी धार लावली की मनगटावरचे केस साफ निघाले. धार लावण्यात माझ्या बापाचा हात आजही कुणी धरू शकत नाही. घोळ पुढे होतो. पाती मशीनच्या फिरत्या रुळात बसवायची, पट्टी लावून तपासायची आणि मग स्क्रूंना शेवटचा पिळा द्यायचा. त्या पिळ्याला अप्पांचा हात थरथरतो आणि पातं एका टोकाला केसभर सरकतं. दोन वर्षं हेच चाललंय. पण बापाला तोंडावर सांगणार कोण? अकरा वर्षं मी या सुतारखान्यात त्यांच्या शेजारी उभी आहे. पात्यांना मात्र मी हात लावायचा नाही.

पट्टी म्हणजे साधी सरळ लाकडी पट्टी. ती टेबलावर ठेवून रूळ हाताने फिरवला की पातं तिला जरासं पुढे ओढतं. दोन्ही टोकांना सारखंच ओढलं पाहिजे. निवांत केलं तर अर्धा तास लागतो. अप्पांच्या पाठीमागे चोरून करताना कुठली पट्टी आणि कुठला अर्धा तास!

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंची फळी होती. त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड वादळात पडलं, त्यातून एवढी एकच रुंद फळी निघाली. तिचं जेवणाचं टेबल करायचं होतं. जाडी बत्तीस मिलिमीटर. पंचविसाच्या खाली गेली की टेबलाचं नाव सोडा.

पहिल्याच फेरीत फळी डावीकडे जास्त तासली गेली.

"फळीच वाकडी आहे," अप्पा म्हणाले.

"हो ना, ओली असेल," मी म्हणाले. ढोंगी कुठली!

अप्पा चहाला गेले तसं मी मशीन बंद करून पात्यांचं डावं टोक अंदाजाने केसभर खाली घेतलं. ते आले, मी गोंद आणायला आत गेले. परतून फळी घातली तर आता उजवीकडे खोल! अप्पा हात धुवायला गेल्यावर मी टोक पुन्हा वर घेतलं. पुढच्या फेरीला परत डावीकडे खोल. दुपारपर्यंत हाच खेळ. फळी उलटवली, फिरवली, मशीनला शिव्या घातल्या. भुशाचा ढीग वाढत होता आणि माझं डोकं तापत होतं. शेवटी जाडी मापली. तेवीस!

मग माझा तोल सुटला. "अप्पा, फळी वाकडी नाहीये! तुमचा हात थरथरतो. पातं सरकतं आणि सकाळपासून तुमच्या मागे मी ते सारखं करतेय!"

अप्पा माझ्याकडे वळले. "तू करत होतीस?"

"मग कोण करणार?"

"अगं, हात माझा आहे, मला कळत नाही का? तू पाठ फिरवलीस की मीच सारखं करत होतो."

एकच चूक आम्ही दोघांनी मिळून दर वेळी दोनदा सुधारली होती. दोघांनीही अंदाजाने, दोघांनीही चोरून. मेली ती पट्टी एकदा लावून बघितली असती तर! रडावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना.

अप्पांनी खिशातून फोन काढला. "बाई, तुमची फळी वाया गेली. पाती मी चुकीची लावली. माझा हात आता चालत नाही."

हे वाक्य ऐकायला मी दोन वर्षं आसुसले होते. आता ते ऐकवेना.

"अर्धी चूक माझी आहे, सांगा त्यांना!" मी फोन ओढायला धावले.

अप्पांनी फोन छातीशी दाबून धरला. "गप्प बस," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माझं झालं काम करून. तुझ्याकडे लोकांनी अजून तीस वर्षं लाकूड आणायचंय."