बाटल्याला बांधलेली नाडाछडी

आग विझवायच्या बाटल्यांचा दुकानदार गोपालला समजावत होता, "घरासाठी चार किलोचा पावडरवाला घ्या. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगा, शेगडीच्या डोक्यावर नको. गाडीसाठी एक किलोचा, ड्रायव्हरच्या हाताशी. डिकीत टाकलात तर काय कामाचा?"

मला जळकं हसू आलं. हे सगळं माझ्या नवऱ्याला, कुंदनला, पाठ होतं. गेल्या वर्षी त्यानेच दोन बाटले आणले, एक घरी नि एक कामगारांना इच्छापोरला कामावर न्यायच्या व्हॅनमध्ये, आपल्या सीटखाली. बाटला बरोबर, जागा बरोबर. तरी माझं कुंकू गेलं.

"वहिनी, घरासाठीपण नवा घेऊ?" माझ्या दिराने, गोपालने, विचारलं. नवी व्हॅन आता तोच चालवणार.

"घरी आहे ना टांगलेला! गाडीचा घे नि चल," मी खेकसले. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण बैल गेला नि झोपा केला, वर मलाच विचारतात झोपा कसा हवा!

व्हॅन पेटली तेव्हा त्या कामगारांतला बन्सीलाल पुढे बसला होता. तेराव्याला त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. बाकीचे कामगार उतरले, पण मागचा दरवाजा अडकला नि धुडकू आत राहिला. कुंदनने बाटला काढला. दसऱ्याला माझ्या सासूने, आत्यांनी, गाडीबरोबर बाटल्याचीही पूजा केली होती. आमच्याकडे शिलाई मशीन काय, कात्री काय, पोटापाण्याच्या लोखंडाला नाडाछडी बांधतातच. त्या लाल दोऱ्याचे वेढे नेमके पिनेवरून, गाठीवर गाठ; नि ती पिन ओढल्याशिवाय पावडर सुटतच नाही. पिन निघेना. कुंदन दातांनी दोरा तोडत होता, बन्सीलाल म्हणाला. मग बाटला फेकून तसाच आत शिरला. धुडकूला बाहेर ढकललं. स्वतः आला नाही.

आत्यांना मी हे सांगितलं नाही. कितीदा वाटलं, ओरडावं, तुमच्या पूजेनेच खाल्लं त्याला! पण म्हातारी आधीच अर्धी झालेली. घरच्या बाटल्याची नाडाछडीसुद्धा मी कापली नाही. कापली असती तर का म्हणून विचारलं असतं.

कोसाडला घरी आलो तर आत्या पूजेचं ताट घेऊन दारातच. नव्या बाटल्याला कुंकू लावलं, नाडाछडी उलगडली.

"नको!" मी किंचाळले नि बाटला ओढून घेतला.

"काय व्हयनं वं सोनाली?"

"पिनेवर नका बांधू."

"बांधू दे वं. कुंदनना बाटलालेबी मीच बांधेल व्हती..."

नि त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. काहीही खोटं सांगायचं होतं गं बाई मला, पण माझी नजर पिनेवरच गेली.

"पिन निघनी नही का वं?"

मला रडू फुटलं. आणखी काय सांगायचं राहिलं?

आत्या स्वयंपाकघरात गेल्या. दाराजवळचा बाटला खिळ्यावरून काढला, जमिनीवर फतकल मारून बसल्या नि नाडाछडीची गाठ सोडायला लागल्या. वर्षभराच्या तेलातुपाने ती घट्ट झाली होती. गोपाल सुरी घेऊन धावला, त्यांनी त्याचा हात झटकला. नखांनी गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी दात लावले.