सांडणीचं वय

सुदानमधल्या गाश नदीच्या कोरड्या पात्राकाठी रशायदा या भटक्या अरब टोळीचे तंबू पडले होते. सकाळीच सुवैलिम दोन वर्षांच्या सांडणीला खजूर भरवत होता. जन्मभर त्यानं लोकांचे उंट शर्यतीसाठी तयार केले. ही मात्र त्याच्या स्वतःच्या दावणीची. बरगशनं ती कालच आणून बांधली होती. बदल्यात सुवैलिमची बारा वर्षांची लेक हिलाला आठवड्यानं त्या पन्नाशीच्या माणसाची बायको होणार होती.

मरजूका पीठ मळायचं सोडून नवऱ्याजवळ आली. तिची थोरली, ऐदा, गेल्या वर्षी पहिल्याच बाळंतपणात तीन दिवस अडून मेली होती. चौदा वर्षांची.

"हिला फळवणार कधी?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं तरी नाही. हाडं कोवळी आहेत अजून. आत्ता गाभण राहिली तर जिवानिशी जाईल."

"आणि हिलालाची हाडं?"

सुवैलिमचा हात थांबला. "शब्द दिलाय मी. तो मोडला तर माझ्याकडे उंट कोण सोडेल? खायचं काय आपण?"

"ऐदाच्या वेळीही शब्दच दिला होता तुम्ही."

मरजूकानं सांडणी सोडली आणि तिला घेऊन ती चालू लागली.

बरगशच्या तंबूपुढे पुरुष कॉफी पीत बसले होते. तिला पाहून बरगश हसला. "सुवैलिम मेला की काय, बायका देवघेव करायला लागल्या?"

"ते आहेत. माझी लेक मेलीय. दुसरी मी देणार नाही. ही घ्या तुमची सांडणी. आणि चार वर्षांची झाल्याशिवाय फळवू नका, मरते म्हणे."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात सुवैलिम धापा टाकत पोचला.

"दावं घे आणि बायकोला घरी ने," बरगश म्हणाला. "आम्ही काही ऐकलं नाही."

सुवैलिमनं दाव्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "ठेवून घे तुझी सांडणी," तो कसाबसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लोक आपापले उंट सोडून घेऊन गेले. महिन्याभरात पिठाचं पोतं तळाला गेलं. पाणवठ्यावर बायका मरजूकाला पाहून पाठ फिरवत. सुवैलिम दिवसदिवस तंबूत पडून राही, आणि आपण चुकलो का, हा प्रश्न तिला भाकरीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर छळी.

एके दुपारी बरगशची धाकटी भावजय पदराआड वाडगाभर पीठ घेऊन आली. पीठ ठेवून ती तशीच बसून राहिली.

"माझी लेक तेराची आहे, तिचंही ठरवलंय," ती खाली बघत म्हणाली. "त्या दिवशी पुरुषांपुढे काय बोललीस, ते मला सांग. नीट सांग, मला पाठ करायचंय."