गुरुवार, सव्वादोन

शहराचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात नवा सर्व्हर आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो एकदाचे. कसले सुटतायत! पंप कधी चालू करायचा, पाण्यात औषध किती सोडायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर लिहिलेला होता आणि नव्या सिस्टीमवर तो जागचा हलायला तयार नव्हता. शेवटी ठरलं, यंत्र नवं, पण त्यावर सिस्टीम जुनीच चढवायची. नव्या नवरीला आजेसासूचं लुगडं, असं यंत्र बसवायला आलेला हार्डवेअरवाला म्हणाला आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसला.

या कामाला ताईला बोलावलं. जुनी यंत्रं जगवणं हाच तिचा धंदा, आणि तो प्रोग्रॅम लिहिला होता तिच्या धाकट्या भावाने. त्याचं लिखाण तुम्हालाच कळेल, असं केंद्राच्या प्रमुख बाई म्हणाल्या. आणखी काही बोलणार होत्या, पण त्यांनी ते टाळलं.

कारण धाकटा गेला तो इथेच. गाळ बसवायच्या मोठ्या टाकीवर एक अरुंद पूल आहे, त्यावरून तो खाली गेला. नऊ वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, दुपारी तीनला. कुणी पाहिलं नाही. कठडा छातीएवढा उंच आणि भक्कम. त्या दिवसांत त्याला झोप येत नव्हती, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, घरात तो तोंड उघडत नव्हता. त्यामुळे लोक 'गेला' म्हणत, 'पडला' असं कुणी म्हणत नसे. आईने तेव्हा एकदाच विचारलं होतं, तो पडला, की... पुढचे शब्द तिने नऊ वर्षांत उच्चारले नाहीत. त्याचा फोटो लावला नाही, नाव घेतलं नाही. रागावली होती ती त्याच्यावर. गेलेल्या पोरावर रागवून जगायचं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

असो. सकाळी दहाला ताईने जुनी सिस्टीम नव्या यंत्रावर चालू केली. त्या सिस्टीमच्या साठवून ठेवलेल्या प्रती बहुतेक खराब निघाल्या होत्या. उघडली ती एकच, धाकट्याने स्वतः काढून ठेवलेली. आणि इथेच खरी गंमत झाली, गंमत म्हणायची तर. नव्या यंत्राचं घड्याळ त्या म्हाताऱ्या सिस्टीमला वाचता येईना. असं झालं की ती डिस्कवर शेवटची सापडेल ती तारीख-वेळ आजचीच धरून पुढे चालते. पडद्यावर आलं: गुरुवार, दुपारचे सव्वादोन. साल नऊ वर्षं मागचं.

ताईने साल पुन्हा वाचलं. तो गुरुवार ती ओळखत होती.

घड्याळ पुढे सरकू लागलं. अडीच झाले आणि कोपऱ्यातला प्रिंटर कुणी न सांगता खडखडला. कागदावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'गाढवा, जेवला नाहीस. जेव.' हार्डवेअरवाला म्हणाला, यंत्राला भूतबाधा झाली की काय. मग ताईचा चेहरा बघून त्याने जीभ चावली.

धाकटा महाविसरभोळा. प्रत्येक गोष्टीची आठवण तो यंत्राला करायला सांगून ठेवायचा आणि स्वतःला गाढव म्हणायचा. तो गेल्यावर दुसऱ्याच सकाळी ऑफिसने नियमाप्रमाणे त्याचं खातं पुसून टाकलं होतं. या प्रतीत मात्र ते जसंच्या तसं होतं.

पावणेतीन झाले. ताईची नजर पडद्यावरून हलेना. आत्ता तो खुर्चीतून उठला असेल. आत्ता जिना चढत असेल. दोन पंचावन्नला तिने यंत्र बंद केलं, आणि तीच प्रत पहिल्यापासून चढवली. पुन्हा सव्वादोन. पुन्हा अडीचला 'गाढवा, जेव'. या वेळी तिच्या तोंडून निघून गेलं, "जेव ना रे." दोन पंचावन्नला पुन्हा यंत्र बंद.

असं तिने पाच वेळा केलं. हार्डवेअरवाल्याला सांगितलं, काहीतरी अडकतंय. अडकत होतं ते यंत्रात नव्हतं. तीन वाजू दिले नाहीत तोवर तो जिवंत होता, इतकं साधं आणि इतकं वेड्यासारखं. बाहेर लख्ख ऊन होतं, माणसं जात-येत होती, आणि थंडगार खोलीत एक शहाणीसुरती बाई घड्याळाचा पाय धरून बसली होती.

धाकट्याच्या पुढच्या आठवणी एका फाइलमध्ये होत्या. उघडायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ताईचा हात धजेना. तो विसरभोळा खरा, पण मागे पसारा ठेवणारा नव्हे. ठरवून गेला असेल, तर ही प्रत काढायच्या आधीच पुढचं सगळं पुसून गेला असेल. तीननंतर काहीच निघालं नाही, तर आईला काय तोंड दाखवायचं?

चार वाजता प्रमुख बाई आल्या. उद्यापासून पाणी याच यंत्रावर सोडायचंय, तारीख आजची लावा, म्हणाल्या. हार्डवेअरवाला हळूच बोलला, की तारीख एकदम पुढे ढकलली तर मधलं राहिलेलं सगळं एका दमात छापलं जाईल. ताईला ते माहीत होतं. निघेल ते सगळं निघेल, नाहीतर काहीच नाही.

तिने आजची तारीख लिहिली आणि डोळे मिटून बटण दाबलं.

प्रिंटर गप्प होता. मग खडखडला.

'गाढवा, पाच वाजता दात दाखवायचेत. मागच्यासारखा पळू नकोस.' हे त्याच गुरुवारचं. मग शुक्रवारचं, तीन नंबरच्या पंपाचं तेल. पुढच्या महिन्यात आईचे डोळे तपासायचे. दर तीन महिन्यांनी गाळणी बदलायची, अशी सहा वर्षं. कागद संपले. हार्डवेअरवाल्याने नवा गठ्ठा घातला. सगळ्यात शेवटचं पान गेल्या वर्षीचं होतं: 'गाढवा, ताई आज पन्नास. आता तिला म्हातारी म्हण. मार बसला तरी म्हण.'

गेल्या वर्षी ताईला कुणीही चिडवलं नव्हतं. ती जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. कागदाने काही सिद्ध होत नाही, असं एखादा वकील म्हणेल. म्हणू दे त्याला.

मग तिने आईला फोन लावला आणि एकेक पान वाचून दाखवलं. दातांचं, पंपाचं, डोळ्यांचं, म्हातारीचं.

"म्हणजे पडलाच ना गं तो?" आईने विचारलं.

"पडलाच, आई. पाय घसरला असेल."

आईचा श्वास ऐकू येत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "इतकी वर्षं मी उगीच रागावले रे तुझ्यावर."

'रे' म्हणाली होती ती. ताईने फोन कानाशी तसाच धरून ठेवला, आणि त्या दोघांच्या मध्ये ती बोलली नाही.